हातावर मोजलेला ताल : डी. के. पट्टम्माळ आणि पल्लवीचं गणित

मुंबईत शीव-माटुंग्याच्या बाजूला षण्मुखानंद सभागृहात कर्नाटक संगीताची मैफल ऐकायला पहिल्यांदा गेलेल्या मराठी श्रोत्याला एक गोष्ट हमखास कोड्यात टाकते. गाणाऱ्या बाईंचा हात सारखा मांडीवर पडत असतो. एक थाप, मग करंगळीपासून तीन बोटांची मोजणी, पुन्हा थाप, मग उलटा तळहात. स्वरांची गुंतागुंत कितीही वाढो, हात काही थांबत नाही. श्रोत्यांकडे वळून पाहावं तर रांगेतल्या आजी-आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत अनेकांचे हात तसेच, त्याच क्षणी पडताहेत आणि त्याच क्षणी उलटताहेत.

शेजारी मृदंगम् वाजतोय, अनेकदा जोडीला घटम् आहे. मग गाणाऱ्याने स्वतः ताल का मोजायचा? आपल्याकडे हे काम तबलजीचं असतं.

या साध्या प्रश्नातून कर्नाटक संगीताची अर्धी रचना उलगडते. शिवाय, हा हात एका बाईने भर सभेत मांडीवर ठेवला तेव्हा काय झालं, तेही समजतं. त्या बाई म्हणजे दामल कृष्णस्वामी पट्टम्माळ. तमिळनाडूत त्यांना सगळे ‘डीकेपी’ म्हणतात.

ठेका नाही, म्हणून हात

हिंदुस्थानी मैफलीत तबलजी ठेका धरतो. तीनतालाचे सोळा मात्रांचे ठरलेले बोल तो आवर्तनामागून आवर्तन वाजवत राहतो. सम कुठे, खाली कुठे, हे त्या बोलांवरूनच कळतं. गायक निर्धास्तपणे लांब जातो आणि समेवर परत येतो, कारण मोजणी दुसऱ्या कुणीतरी सांभाळलेली असते.

कर्नाटक संगीतात असा बांधलेला ठेका नसतो. मृदंगम् वाजवणारा गाण्याच्या ओळीमागून चालतो. शब्द जिथे लांबतात तिथे तो विरळ होतो, स्वर दाट झाले की तोही भरगच्च वाजवतो, दोन ओळींमधली जागा भरून काढतो. गाण्याच्या चालीला तो आकार देतो. त्याच्या वाजवण्यावरून ताल ओळखायचा तर रचना आधीच पाठ असायला हवी. म्हणून ताल हातावर राहतो, आणि सगळ्यांना दिसेल असा राहतो.

सर्वांत जास्त वापरला जाणारा आदी ताल घ्या. त्यात आठ मोजण्या, त्यांची विभागणी चार-दोन-दोन अशी. पहिल्या चारांत एक थाप आणि मग करंगळी, अनामिका, मधलं बोट अशी तीन बोटं. पुढच्या दोनांत एक थाप आणि एक उलटा हात. शेवटच्या दोनांतही तसंच. आठ झाले की पुन्हा पहिली थाप. लेख वाचता वाचता हे चार-पाच वेळा करून पाहा. दोन मिनिटांत हाताला सवय होते. अवघड भाग पुढे आहे, कारण हात हे करत असताना गळ्याने भलतंच काही करायचं असतं.

कांचीपुरममधली मुलगी

पट्टम्माळ यांचा जन्म मार्च १९१९ मधला, कांचीपुरमचा. घर कर्मठ ब्राह्मणांचं. वडील कृष्णस्वामी दीक्षितर संगीताचे जाणकार होते. आई कांतिमती स्वतः छान गायच्या, पण घराच्या रीतीप्रमाणे नातेवाईक आणि मैत्रिणींसमोरसुद्धा गायच्या नाहीत. ज्या मुलीने पुढे हजारोंसमोर पल्लवी मांडली, तिच्या आईचा आवाज घराच्या भिंतींनीच काय तो ऐकला. डीकेपींच्या कारकिर्दीचं मोजमाप मी इथून सुरू करतो.

त्या काळात जाहीर गाणं हा देवदासी समाजातल्या स्त्रियांचा व्यवसाय होता. वीणा धनम्माळ यांच्यासारख्या थोर कलावंत त्यांच्यातूनच आल्या. ब्राह्मण घरातल्या मुलीने गाणं शिकायला हरकत नसे. लग्न ठरवताना ते उपयोगीही पडे. पण शिकलेलं गाणं उंबऱ्याच्या आतच राहावं, अशी अपेक्षा असे.

पट्टम्माळ यांना रीतसर गुरुकुल मिळालं नाही. वडील त्यांना मैफलींना घेऊन जात. घरी परतल्यावर मुलगी आणि तिचे भाऊ ऐकलेल्या रचना, रागातल्या लक्षात राहिलेल्या जागा आठवून आठवून लिहून काढत. आज आपण फोनवर ध्वनिमुद्रण करून विसरून जातो. या मुलांना एकदाच ऐकून टिपून ठेवावं लागे. त्यांच्या गाण्यातल्या नेमकेपणाचं मूळ मला या सवयीत दिसतं.

कांचीपुरममध्ये त्या वेळी नैना पिळ्ळै नावाचे गायक होते. लयीचे जबरदस्त हिशोबी. मृदंगम्, घटम्, कंजिरा अशा तालवाद्यांचा पुरा ताफा व्यासपीठावर बसवून ते गात. अशा मैफलीला ‘फुल बेंच’ म्हणत, न्यायालयातल्या पूर्णपीठावरून. लहानगी पट्टम्माळ हे गाणं मन लावून ऐकत आली. पुढे विद्याल नरसिंहलू नायडू यांच्याकडून त्यांनी अवघड पल्लव्यांची तालीम घेतली.

१९२९ साली, दहा वर्षांच्या असताना, त्या मद्रास नगरपालिकेच्या रेडिओवर गायल्या. मुलीला लोकांसमोर गाऊ द्यावं म्हणून तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका अम्मुकुट्टी अम्माळ यांनी वडिलांचं मन वळवलं. १९३२ मध्ये मद्रासच्या रसिक रंजनी सभेत पहिली जाहीर मैफल झाली आणि पाठोपाठ कुटुंब मद्रासला आलं. जाहीर मैफली करणारी ब्राह्मण घरातली पहिली स्त्री, अशी त्यांची नोंद होते.

पल्लवी म्हणजे नेमकं काय

व्यासपीठावर बसण्याची एक भिंत ओलांडली, तरी दुसरी शिल्लक होती. कृती, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या बांधीव रचना, गायल्या, भक्तिपदं गायली तर लोक कौतुकाने मान डोलावत. मैफलीचा सर्वांत कठीण भाग मात्र पुरुषांचा प्रांत समजला जाई. तो भाग म्हणजे रागम्-तानम्-पल्लवी.

यातली पहिली पायरी मराठी श्रोत्याला ओळखीची वाटेल. ‘रागम्’ म्हणजे तालाशिवाय केलेली सावकाश आलापी. पुढचं ‘तानम्’ आपल्या तानेपेक्षा अगदी वेगळं. इथे आलापीला लयीचा ठोका येतो, ‘आनंतं’, ‘तनंतं’ अशा अक्षरांवर स्वर उसळत जातात, पण तालाचं आवर्तन अजून सुरू झालेलं नसतं. धृपदातलं नोमतोम ऐकलेल्या कानांना ते लगेच जवळचं वाटेल.

मग पल्लवी. एकच ओळ, मोजके शब्द, बहुतेक वेळा देवाची स्तुती. पण ही ओळ तालात काटेकोर बसवलेली असते. तिचे दोन भाग. पहिला भाग जिथे येऊन टेकतो त्या जागेला ‘अरुदी’ म्हणतात. तिथे क्षणभर विसावा, मग उरलेली ओळ आणि पुन्हा सुरुवात. ओळ जिथून उचलायची ती जागा म्हणजे ‘एडुप्पु’. ती दरवेळी समेवर असेलच असं नाही. समेनंतर पाऊण किंवा दीड मोजणी सोडून उचललेल्या ओळी सर्रास आढळतात.

आता कसोटी सुरू होते. आधी ‘निरवल’ : शब्द तेच, तालातली त्यांची जागा तीच, पण स्वरांची वाट प्रत्येक वेळी नवी. मग ‘त्रिकालम्’ : तीच ओळ तीन वेगांत. शेवटी ‘कल्पनास्वर’ : तिथल्या तिथे सुचलेल्या सरगमा, ज्या फिरून फिरून बरोबर त्या एडुप्पुवर येऊन पडल्या पाहिजेत.

दोरी आणि उडी

वेगांचा हा खेळ समजायला दोरीवरच्या उड्या आठवा. दोघी दोरी फिरवताहेत, तिसरी मधे उड्या मारतेय. दोरी त्याच गतीने फिरत ठेवायची आणि एका फेऱ्यात एकीऐवजी दोन, मग चार उड्या मारायच्या, हे झालं ‘अनुलोम’ : ताल कायम, ओळ दुप्पट, चौपट. उडी मारणारीने आपली गती बदलायची नाही आणि दोरीच दुप्पट, चौपट वेगाने फिरवायची, हे ‘प्रतिलोम’ : ओळ कायम, हातावरचा ताल जलद. पल्लवी गाणारी व्यक्ती दोरीही स्वतःच्याच हाताने फिरवते आणि उड्याही स्वतःच मारते.

थोडे आकडे मांडले की चित्र स्पष्ट होईल. आदी तालाच्या आठ मोजण्या, प्रत्येकीत चार मात्रा धरल्या तर एका आवर्तनात ३२ मात्रा. एक ओळ बरोबर ३२ मात्रांची आहे असं समजू. पहिल्या वेगात एका आवर्तनात ती एकदा बसते, दुप्पट वेगात दोनदा, चौपट वेगात चारदा. इथवर ठीक. आता तिला तिश्रात, म्हणजे तीनच्या चालीत घ्यायचं. एका मोजणीत चारऐवजी सहा मात्रा. ३२ भागिले ६ म्हणजे पाच पूर्ण एक तृतीयांश मोजण्या. ओळ मोजणीच्या मधोमध कुठेतरी संपते. दुसऱ्यांदा गायली तरी अधांतरीच. तिसऱ्यांदा गायल्यावर सोळा मोजण्या, म्हणजे दोन आवर्तनं, नेमकी पुरी होतात. या तीन फेऱ्यांत हात आठांच्या हिशोबाने पडत राहतो, गळा सहांच्या हिशोबाने चालतो, आणि दोन्ही एकमेकांना चुकवू शकत नाहीत.

कल्पनास्वरांच्या शेवटी ‘कोर्वै’ येते. आपली तिहाई ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती चटकन कळेल. आठ मात्रांचा एक तुकडा तीनदा घ्या, मधे चार-चार मात्रांच्या दोन विश्रांती ठेवा. चोवीस अधिक आठ, बत्तीस. समेवर सुरू केलं तर पुढच्या समेवर अचूक. पण पल्लवीची ओळ समेनंतर दीड मोजणीवर उचलायची असेल, तर सहा मात्रा पुढे जायला हवं. आता ३८ भरायच्या. तुकडा दहाचा करा, विश्रांती चारच्याच ठेवा : तीस अधिक आठ, अडतीस. जमलं. हे सगळं गाता गाता, रागाचा रंग न बिघडवता, आणि हात थांबू न देता करायचं.

आदी ताल तर सोपा म्हणायचा. पल्लवीसाठी मोठमोठे, वाकडे ताल घेतले जातात, मोजण्या संथ करून आवर्तन दुप्पट-चौपट लांबवलं जातं. व्हायोलिनवाल्याला ओळ ऐकताक्षणी उचलावी लागते, मृदंगम् वाजवणाऱ्याला एडुप्पु पकडावा लागतो. जुन्या काळी पल्लवीचे आखाडेच होत, आणि साथीदारांची फजितीही होई.

> चौकट : ऐकताना उपयोगी पडतील असे शब्द
> आदी ताल – आठ मोजण्या, ४ + २ + २
> एडुप्पु – ओळ तालात जिथून उचलतात ती जागा
> अरुदी – ओळीचा पहिला भाग जिथे टेकतो ती जागा
> निरवल – शब्द आणि त्यांच्या जागा कायम ठेवून केलेला स्वरविस्तार
> कोर्वै – तीनदा येणारा, हिशोबाने बांधलेला शेवट
> तनि आवर्तनम् – मैफलीतलं मृदंगम् आणि इतर तालवाद्यांचं स्वतंत्र वादन

बाईने मांडीवर थाप मारायची?

स्त्रियांनी पल्लवी गाऊ नये यासाठी दिली जाणारी कारणं दोन प्रकारची होती. एक म्हणजे बायकांना हे गणित पेलणार नाही. दुसरं अधिक उघड : बाईमाणसाने चारचौघांत मांडीवर थापा मारत बसणं शोभत नाही. लेखाच्या सुरुवातीला ज्या हाताचं कोडं पडलं, तोच हात आक्षेपाचा विषय होता. ताल हातावरच असेल आणि हात दाखवायला मनाई असेल, तर पल्लवीचं दार आपोआप बंद होतं. वेगळा नियम करायची गरजच नव्हती.

पट्टम्माळ यांनी या आक्षेपांना भाषणातून उत्तर दिल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. त्या रागम्-तानम्-पल्लवी गाऊ लागल्या, तीही अवघड तालांतली. लोक त्यांना ‘पल्लवी पट्टम्माळ’ म्हणू लागले. ज्येष्ठ गायक टायगर वरदाचारियर यांनी त्यांना ‘गानसरस्वती’ म्हटलं.

साथीदारांचाही प्रश्न होता. अनेक नामवंत मृदंगवादक स्त्रियांच्या साथीला बसत नसत. या वाद्यातलं सर्वांत मोठं नाव म्हणजे पालघाट मणि अय्यर. स्त्री गायिकांची साथ त्यांनीही दीर्घकाळ टाळली होती. ते पट्टम्माळ यांच्या साथीला बसले तेव्हा तो निवाडाच होता, आणि तोही गणिताच्या सर्वांत कडक परीक्षकाने दिलेला. पुढे दोन्ही घरांची सोयरीक झाली : मणि अय्यर यांची मुलगी ललिता पट्टम्माळ यांची सून झाली. आजच्या नामांकित गायिका नित्यश्री महादेवन या त्या घरातली नात.

दीक्षितरांची संथ चाल

केवळ हिशोबावर पट्टम्माळ यांना मोजणं मात्र अन्यायाचं होईल. त्यांचा आवाज खालच्या पट्टीतला, भरीव. त्या काळच्या गायिका उंच पट्टीत गात, या आपल्या स्वाभाविक पट्टीतच राहिल्या. शब्द स्वच्छ, लय ठाम. थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर (१७७५–१८३५) यांच्या कृतींना नेमका असाच गळा लागतो. संस्कृत शब्दांची लांब वळणं, विलंबित चाल, आणि राग जणू एकेका ओळीत कोरलेला. पट्टम्माळ या कृती दीक्षितर घराण्यातले अंबी दीक्षितर आणि टी. एल. वेंकटराम अय्यर यांच्याकडून शिकल्या. अय्यर पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, आणि दीक्षितरांच्या रचनांवर त्यांचा अधिकार सर्वमान्य होता.

दीक्षितरांशी आपलाही एक धागा आहे. हंसध्वनी हा राग त्यांचे वडील रामस्वामी दीक्षितर यांनी निर्माण केला, आणि भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांनी तो मुंबईत हिंदुस्थानी ख्यालात रुजवला. मराठी घरांत हंसध्वनी ऐकला जातो तेव्हा त्याची एक वाट तंजावरच्या मुलखाकडे जाते.

व्यासपीठाबाहेरचा आवाज

स्वातंत्र्यलढ्याच्या काळात पट्टम्माळ तमिळ कवी सुब्रह्मण्य भारती यांची देशभक्तिपर गीतं गात. १९३९ च्या ‘त्यागभूमी’ या तमिळ चित्रपटातही त्यांचा आवाज आहे. या चित्रपटावर ब्रिटिश सरकारने बंदी घातली होती. चित्रपटांसाठी भक्तिगीतं आणि देशभक्तीची गीतंच गायची, हा नियम त्यांनी कटाक्षाने पाळला. त्यामुळे हातच्या किती संधी गेल्या असतील याची कल्पना करता येते. स्वातंत्र्य आलं तेव्हा, ऑगस्ट १९४७ मध्ये, मद्रास आकाशवाणीवरून त्यांच्याच आवाजात भारतींचं स्वातंत्र्यगीत गेलं. पन्नासहून अधिक वर्षांनी, २००० सालच्या ‘हे राम’ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना त्यांनी ‘वैष्णव जन तो’ गायलं.

एम. एस. सुब्बुलक्ष्मी, डी. के. पट्टम्माळ आणि एम. एल. वसंतकुमारी या तिघींची नावं तमिळनाडूत एका दमात घेतली जातात. मद्रासच्या म्युझिक अकॅडमीचा ‘संगीत कलानिधी’ हा कर्नाटक संगीतातला सर्वांत मानाचा किताब. तो १९४२ पासून दिला जातो, पण गायिकेला मिळायला १९६८ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी सुब्बुलक्ष्मींना, १९७० मध्ये पट्टम्माळ यांना, १९७७ मध्ये वसंतकुमारींना तो मिळाला. पट्टम्माळ यांना १९७१ मध्ये पद्मभूषण आणि १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर मैफलीत गाणारे धाकटे भाऊ डी. के. जयरामन यांनाही पुढे संगीत कलानिधी मिळाला. त्यांची तालीम बरीचशी बहिणीच्या शेजारी बसूनच झाली होती.

माझ्या मते या तिघींत पट्टम्माळ यांच्याकडे महाराष्ट्राचं सर्वांत जास्त दुर्लक्ष झालं. सुब्बुलक्ष्मींची मीराभजनं आपल्या घराघरांत पोचली. पट्टम्माळ यांचं मोठेपण पल्लवीत आणि दीक्षितरांच्या कृतींत होतं, आणि तिथवर जायला श्रोत्याला थोडी मेहनत पडते. ती मेहनत वाया जात नाही.

चेन्नईच्या मार्गळी महिन्यातल्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या संगीत महोत्सवात आता तरुण गायिका अवघड तालांतल्या पल्लव्या गातात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पट्टम्माळ १६ जुलै २००९ रोजी चेन्नईत गेल्या, तोवर हा बदल त्यांनी स्वतः पाहिला होता.

त्यांची ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. सुरुवात दीक्षितरांच्या एखाद्या कृतीपासून करा, आदी तालातली मिळाली तर उत्तम. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा थाप, तीन बोटं, थाप-उलटा, थाप-उलटा करत ऐका. हात गाण्याबरोबर चुकेनासा झाला, की मग पल्लवीकडे वळा.